घटका भरली की लॉगआउट: अ‍ॅडमिन पॅनेलचं सेशन मध्येच का संपतं

पीएचपीमायअ‍ॅडमिन हे डेटाबेस सांभाळायचं, पीएचपी भाषेत लिहिलेलं पॅनेल वापरणाऱ्या प्रत्येकाने ही सूचना कधी ना कधी वाचलेली असते: १४४० सेकंद काही हालचाल झाली नाही, पुन्हा लॉगिन करा. १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं, म्हणजे बरोबर एक घटका. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळातल्या पाण्यावर घटिकापात्र सोडत. बुडाला बारीक भोक असलेली वाटी. ती हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. पीएचपी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात घटका नसणार हे उघड आहे, पण सेशनचं निष्क्रियतेचं घड्याळ चालतं अगदी त्या वाटीसारखं. तुमची एखादी रिक्वेस्ट सर्व्हरकडे गेली की वाटी उपसून पुन्हा पाण्यावर ठेवली जाते. रिक्वेस्ट आलीच नाही तर ती भरत राहते. बुडाली की तुम्ही बाहेर.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण एका पॅनेलच्या मागे अशा चार-पाच वाट्या एकदम तरंगत असतात आणि प्रत्येकीचं भोक वेगळ्या माणसाने पाडलेलं असतं. ‘चार तास सेट केलेत तरी अर्ध्या तासात बाहेर काढतं’ ही तक्रार आणि ‘पंधरा मिनिटं सेट केलीत तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेल उघडंच’ ही तिच्या उलटी तक्रार, दोन्ही बहुतेक वेळा इथूनच निघतात.

वाट्या कोणकोणत्या

एचटीटीपीला, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांना, स्मरणशक्ती नाही. प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरला नवीच. म्हणून पासवर्ड जुळला की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज करता न येणारा क्रमांक तयार करतो, ब्राउझरच्या हातात देतो आणि त्याच क्रमांकाखाली स्वतःकडे नोंद ठेवतो. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो तसं. ब्राउझरकडचा बिल्ला म्हणजे कुकी; ही युक्ती १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू मोंटुली यांनी काढली. सर्व्हरकडची नोंद म्हणजे सेशन. बिल्ला हरवला तरी पंचाईत, स्टँडवाल्याने कप्पा रिकामा केला तरी पंचाईत.

पहिली वाटी कुकीची. तिला मुदत दिली नसेल तर ती ब्राउझर बंद होईपर्यंत राहते. निदान पुस्तकात तरी. ‘मागच्या वेळी जिथे होतो तिथून सुरू करा’ ही सेटिंग चालू असेल तर क्रोम आणि फायरफॉक्स अशा कुक्याही परत आणतात. त्यामुळे ‘ब्राउझर बंद केला म्हणजे लॉगआउट झालं’ यावर अ‍ॅडमिन पॅनेलची सुरक्षा कधीच बेतू नये.

दुसरी वाटी नोंदीच्या साठ्याची. पीएचपीत तिचं नाव सेशन डॉट जीसी-मॅक्सलाइफटाइम आणि मूळ किंमत १४४० सेकंद. तिसरी, प्रोग्रामची स्वतःची. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तिला लॉगिनकुकीव्हॅलिडिटी म्हणतात आणि तिचीही मूळ किंमत १४४०च आहे. चौथी ब्राउझरमधली, जावास्क्रिप्टने चालवलेली, जी ‘तुमचं सेशन संपत आलं आहे’ असा इशारा दाखवते. पाचवी वाटी उपसली जात नाही. कितीही काम करत राहा, लॉगिन केल्यापासून ठरावीक तासांनी ती बुडतेच. तिला कमाल मुदत म्हणू. चोरलेली कुकी हाती असलेला माणूस दर दहा मिनिटांनी रिक्वेस्ट पाठवून निष्क्रियतेची वाटी कायम रिकामी ठेवू शकतो. त्याला कमाल मुदतच अडवते.

पीएचपीमध्ये नेमकं काय बिघडतं

समजा, पीएचपीमायअ‍ॅडमिन चार तास उघडं राहायला हवं. कॉन्फिग फाइलमध्ये लॉगिनकुकीव्हॅलिडिटी १४४०० केली. पुढच्या वेळी पॅनेल स्वतःच खाली इशारा देतं की पीएचपीची जीसी-मॅक्सलाइफटाइम याहून कमी आहे, लॉगिन ठरवल्याच्या आधीच संपू शकतं. हा इशारा बरेच जण नुसता बंद करतात. तो अक्षरशः खरा असतो: प्रोग्राम चार तास थांबायला तयार आहे, पण नोंदीची फाइल पीएचपी २४ मिनिटांनंतर कचरा समजते.

‘कचरा समजते’ हा शब्दप्रयोग मुद्दाम केला आहे. २४ मिनिटं झाली की फाइल लगेच पुसली जात नाही. ती पुसायला पात्र होते. झाडू मारणारा कधी येईल ते नशिबावर. पीएचपीच्या मूळ सेटिंगप्रमाणे सेशन सुरू होण्याच्या दर १०० वेळांमागे सरासरी एकदा झाडू फिरतो. पीएचपीसोबत येणाऱ्या पीएचपी-आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये तेच प्रमाण १००० ला १ ठेवलेलं असतं. दिवसाला पन्नास-साठ रिक्वेस्ट येणाऱ्या छोट्या पॅनेलवर झाडू दिवसेंदिवस येत नाही आणि संपायला हवी होती ती सेशन्स खुशाल जगतात. वर्दळीच्या सर्व्हरवर हीच सेटिंग चोख वाटते. एकच कोड दोन ठिकाणी वेगळा वागतो तो असा.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर तर गोष्ट आणखी निराळी. तिथे पीएचपीचा स्वतःचा झाडू बंद असतो, संभाव्यता शून्य. त्याऐवजी सिस्टिमचं एक काम तासातून दोनदा, ९ व्या आणि ३९ व्या मिनिटाला, सेशनच्या फोल्डरमधल्या जुन्या फाइली काढतं. किती जुन्या, ते हे काम पीएचपी-आयएनआय फाइलमधून वाचतं. तुम्ही कोडमध्ये आयएनआय-सेट ही आज्ञा वापरून किंवा एफपीएमच्या (पीएचपी चालवणाऱ्या सेवेच्या) पूल फाइलमध्ये चार तास लिहिले असतील, तर ते त्याला दिसतच नाहीत. तुमच्या कोडला चार तास वाटतात, फाइल मात्र २४ ते ५४ मिनिटांच्या दरम्यान उडते. नेमकी वेळ वापरणाऱ्याची शेवटची हालचाल तासाच्या कितव्या मिनिटाला झाली यावर ठरते, म्हणून वापरणारे ‘कधी अर्ध्या तासात, कधी पाऊण तासात’ असं सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते चक्रावलेले वाटतात. ते बरोबर सांगत असतात.

डेबियन नसलेल्या सर्व्हरवर आणखी एक खोच. दोन अ‍ॅप्लिकेशन्स एकाच फोल्डरमध्ये सेशन फाइली ठेवत असतील, तर ज्याची मुदत सर्वांत कमी त्याचा झाडू शेजाऱ्याचंही घर साफ करतो.

उपाय तीन कामांत होतो. एक, प्रत्येक अ‍ॅडमिन अ‍ॅपला सेशनचं स्वतंत्र फोल्डर द्या. दोन, त्या सर्व्हरवरच्या खऱ्या पीएचपी-आयएनआय फाइलमध्ये जीसी-मॅक्सलाइफटाइम प्रोग्रामच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवा. प्रोग्रामची १४४०० असेल तर साठ्याची १८०००. डेबियनवर फोल्डर बदललं की ते काम या नव्या फोल्डरकडे जातं ना तेही पाहा, नाहीतर फाइली साठतच राहतील. तीन, आणि हेच महत्त्वाचं, निष्क्रियता मोजायचं काम झाडूवर सोडू नका. लॉगिनच्या वेळी सेशनमध्ये दोन वेळा लिहा: लॉगिन कधी झालं आणि शेवटची हालचाल कधी झाली. प्रत्येक रिक्वेस्टला दोन्ही तपासा, मुदत उलटली असेल तर सर्व्हरवरची नोंद नष्ट करा. नुसती कुकी पुसणं म्हणजे बिल्ला फेकून दिला, पण कप्पा तसाच.

इथे क्रमाची चूक फार होते. ‘शेवटची हालचाल = आत्ता’ हे आधी लिहिलं आणि तपासणी नंतर केली, तर फरक नेहमी शून्य येतो आणि सेशन कधीच संपत नाही. आधी तपासा, मग लिहा. आणि प्रत्येक रिक्वेस्टला डेटाबेसमध्ये लिहायचीही गरज नाही. मागची नोंद ६० सेकंदांहून जुनी असेल तरच लिहा. पंधरा मिनिटांच्या मुदतीत एका मिनिटाच्या फरकाने काही बिघडत नाही, पण डेटाबेसवरचा भार पुष्कळ उतरतो.

इतर ठिकाणचे खड्डे, थोडक्यात

जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या टॉमकॅट सर्व्हरवर मूळ मुदत ३० मिनिटं. पण वेब-एक्सएमएल फाइलमध्ये आकडा मिनिटांत लिहायचा असतो आणि जावा कोडमध्ये तीच गोष्ट सेकंदांत. कोडमध्ये ३० लिहून अर्ध्या मिनिटात सगळं ऑफिस बाहेर काढणं, किंवा एक्सएमएलमध्ये १८०० लिहून ३० तास देणं, दोन्ही सहज घडतं. पहिली चूक निदान लगेच कळते.

पायथनच्या जँगो फ्रेमवर्कमध्ये मूळ मुदत १२०९६०० सेकंद, म्हणजे दोन आठवडे, आणि ती सेशनमध्ये काही बदल झाला तरच पुढे सरकते. नुसती पानं पाहिल्याने नाही. म्हणजे जँगो अ‍ॅडमिनला निष्क्रियतेची मुदत मुळात नसतेच. ती हवी असेल तर वय कमी करून ‘प्रत्येक रिक्वेस्टला जतन करा’ ही सेटिंग चालू करावी लागते.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एएसपी डॉट नेटच्या फॉर्म्स लॉगिनमधला खड्डा सर्वांत लबाड. तिथे सरकती मुदत चालू असली तरी तिकीट (लॉगिनची कुकी) नवं होतं ते निम्मी मुदत उलटल्यावरच. मुदत ३० मिनिटं धरा. १०:०० ला लॉगिन, शेवटचं काम १०:१४ ला. निम्मी मुदत झालेली नाही, म्हणून तिकीट जुनंच राहतं आणि १०:३० ला संपतं. वापरणारा फक्त १६ मिनिटं जागेवर नव्हता आणि त्याला सांगितलं जातं की ३० मिनिटं निष्क्रिय होतात.

नोड-जेएसवरच्या एक्सप्रेसच्या सेशनमध्ये कुकीला मुदत दिली आणि प्रत्येक उत्तरासोबत ती पुढे ढकलणारं ‘रोलिंग’ बंदच ठेवलं (मूळात ते बंदच असतं) तर साठ्यातली नोंद प्रत्येक रिक्वेस्टला ताजी होते, ब्राउझरमधली कुकी मात्र जुन्याच मुदतीवर मरते. कप्पा भरलेला, बिल्ला गायब. सेशन्स रेडिस या मेमरीतल्या साठ्यात असतील तर तिसरंच कारण निघू शकतं: मेमरी भरली की रेडिस, त्याला तसं सांगितलं असेल तर, जुन्या नोंदी स्वतःच काढून टाकतो. सेशन्ससाठी वेगळा रेडिस ठेवावा, कॅशसोबत नको.

आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरचा ६० सेकंदांचा प्रॉक्सी टाइमआउट हा यातला नाहीच. तो एका उत्तराची वाट किती पाहायची ते ठरवतो. मोठा अहवाल काढताना ५०४ (‘उत्तर वेळेत आलं नाही’) आला आणि कुणी जाऊन सेशनची मुदत वाढवली, तर अहवाल तसाच अडकतो आणि पॅनेल मात्र जास्त वेळ उघडं राहतं.

‘हालचाल’ म्हणजे काय

या सगळ्या विषयाचा गाभा या एका शब्दात आहे. सर्व्हरला फक्त रिक्वेस्ट दिसते. माणूस खुर्चीत आहे की नाही, ते त्याला दिसत नाही. या दोन गोष्टी एकच आहेत असं गृहीत धरलं की दोन्ही बाजूंनी घोळ होतो.

एक बाजू अशी. संस्थेच्या पॅनेलमध्ये सभासद नोंदणीचा मोठा फॉर्म आहे: नाव, पत्ता, वारसदार, जामीनदार, खालच्या तक्त्यात कागदपत्रांचे तपशील. समोर कागदांचा गठ्ठा घेऊन कारकून २५ मिनिटं सलग टाइप करतो. या २५ मिनिटांत सर्व्हरकडे एकही रिक्वेस्ट गेलेली नाही. मुदत २० मिनिटांची. तो ‘जतन करा’ दाबतो आणि लॉगिनचं पान येतं. सर्वांत जास्त काम करणाऱ्या माणसाला निष्क्रिय ठरवलं गेलं.

दुसरी बाजू याच्या उलट. डॅशबोर्डचं पान दर ३० सेकंदांनी स्वतःहून आकडे मागवतं. दिवसाला २८८० रिक्वेस्ट, प्रत्येक रिक्वेस्टला वाटी रिकामी. पान उघडं ठेवून माणूस घरी गेला तरी पंधरा मिनिटांची मुदत कधीच भरत नाही. कागदावर टाइमआउट आहे, प्रत्यक्षात नाही. चॅटचा कोपरा, सूचनांची घंटा, आपोआप ताजी होणारी यादी, सगळे हेच करतात, आणि ते पॅनेलमध्ये नंतर कुणीतरी जोडलेले असतात, त्यामुळे टाइमआउट कधी बंद पडला हे कुणाला कळतही नाही.

म्हणून रिक्वेस्टचे दोन वर्ग करावे लागतात. पानाने स्वतःहून पाठवलेल्या रिक्वेस्टवर एक ठरावीक हेडर (रिक्वेस्टच्या माथ्यावरची खूण) लावा. सर्व्हर अशा रिक्वेस्टला उत्तर देईल, मुदत तपासेल, पण शेवटच्या हालचालीची वेळ बदलणार नाही. हेडर कुणी विसरलं तर मुदत लांबते, म्हणून त्या विशिष्ट पत्त्यांची यादी सर्व्हरवरही असलेली बरी. आणि टाइप करणाऱ्यासाठी उलट सोय: शेवटचं बटण किंवा क्लिक कधी झाला ते पानावर टिपून ठेवा आणि दर ५ मिनिटांनी पाहा. त्या पाच मिनिटांत काही झालं असेल तरच सर्व्हरला ‘माणूस आहे’ असा छोटा निरोप पाठवा. झालं नसेल तर गप्प. निरोपाचं अंतर मुदतीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. २० मिनिटांना ५ मिनिटं, म्हणजे एखादा निरोप नेटवर्कमध्ये हरवला तरी पुढचा पोचतो. माऊस नुसता हलणं शक्यतो हालचालीत धरू नये. चकचकीत टेबलावर ऑप्टिकल माऊसचा बाण कुणी हात न लावता थरथरतो.

पीएचपीमायअ‍ॅडमिन यातलं बरंच करतं: पान किती सेकंद निष्क्रिय आहे ते ब्राउझरमध्ये मोजतं, प्रत्येक टॅबला वेगळी खूण देतं आणि मोजलेले सेकंद सर्व्हरला कळवतं. माऊस हलणं मात्र ते धरतं.

ब्राउझरच्या घड्याळावर किती विसंबावं

इशाऱ्याची खिडकी दाखवायला जवळपास सगळे एकच गोष्ट लिहितात: १२० पासून दर सेकंदाला एक वजा करत जा, शून्यावर लॉगआउट. टॅब समोर असेपर्यंत हे चालतं. पण मागे गेलेल्या टॅबचे टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतात. जानेवारी २०२१ मधल्या क्रोम ८८ पासून पाच मिनिटांहून जास्त काळ लपलेल्या पानाचे टायमर, काही अटी सोडल्या तर, मिनिटाला एकदाच वाजतात. म्हणजे १२० ची उलटी मोजणी दोन तास चालू शकते. लॅपटॉपचं झाकण लावलं तर टायमर थांबतोच. दुपारी दोनला झाकण लावून पाचला उघडलं की पडद्यावर ‘१ मिनिट ४० सेकंद शिल्लक’ दिसतं, तेव्हा सर्व्हरवर सेशन संपून कित्येक तास झालेले असतात.

त्यामुळे मोजू नका, तुलना करा. ‘अमुक वाजता संपेल’ ही वेळ ठेवा आणि प्रत्येक टिकटिकीला आत्ताची वेळ तिच्याशी ताडा. टॅब पुन्हा समोर आला की ब्राउझर तसं कळवतो. त्या क्षणी सर्व्हरला ‘किती सेकंद उरले’ असं विचारा. यासाठी एक वेगळा पत्ता लागतो, जो उरलेले सेकंद सांगतो पण वाटी रिकामी करत नाही. हाच पत्ता अनेक टॅबचा प्रश्नही सोडवतो. पॅनेल तीन टॅबमध्ये उघडं असतं, सेशन एकच. दुसऱ्या टॅबमध्ये काम जोरात चालू, पहिल्या टॅबचा टायमर मात्र शून्यावर येतो आणि तो लॉगआउट पाठवतो; तिन्ही टॅब मेले. पहिल्या टॅबने आधी विचारायला हवं होतं. टॅबनी एकमेकांना कळवायला ब्राउझरमध्ये ब्रॉडकास्ट चॅनेल आहे. लोकलस्टोरेज (ब्राउझरमधला साठा) वापरत असाल तर लक्षात असू द्या की बदल झाल्याची वर्दी ज्या टॅबने बदल केला त्याला मिळत नाही, इतरांना मिळते.

इशाऱ्यासाठी वेळ किती? वेबच्या सुलभतेचे डब्ल्यूसीएजी निकष सांगतात की वेळ संपण्याआधी सूचना मिळावी, साध्या कृतीने मुदत वाढवायला किमान २० सेकंद मिळावेत आणि असं किमान दहा वेळा करता यावं. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला खिडकी उघडल्याचं कळून बटणापर्यंत पोचायलाच वेळ लागतो, म्हणून दोन मिनिटं बरी. बटणावर ‘ओके’ नको, ‘काम सुरू ठेवा’ हवं.

संपल्यावर काय होतं, त्यावर सगळं

मुदत कितीही विचार करून ठरवा, सेशन कधीतरी कामाच्या मध्ये संपणारच. तेव्हा माणसाची ओळख संपावी, त्याने टाइप केलेला मजकूर नव्हे. बहुतेक पॅनेल्स इथे हात वर करतात. फॉर्म पाठवला, सर्व्हरने ३०२ देऊन लॉगिनच्या पानाकडे वळवलं, लॉगिन केल्यावर कोरा फॉर्म. मजकूर त्या वळणावरच सांडला.

पान जावास्क्रिप्टने बोलत असेल तर प्रकार आणखी गमतीचा. रिक्वेस्ट पाठवणारं जावास्क्रिप्टचं फेच ३०२ च्या मागे गुपचूप जातं, लॉगिनचं पान आणतं आणि ‘२००, सगळं ठीक’ असं कळवतं. कोड त्या एचटीएमएलला जेसन, म्हणजे नुसत्या माहितीचा साचा, समजून वाचायला जातो आणि पहिल्याच ‘<’ चिन्हाला अडखळतो. वापरणाऱ्याला फिरतं चक्र दिसतं किंवा ‘काहीतरी चुकलं’. म्हणून अशा रिक्वेस्टला वळवू नका, स्पष्ट ४०१ (‘आधी ओळख पटवा’) द्या. ४०३ नको, त्याचा अर्थ ‘ओळख पटली, पण परवानगी नाही’.

४०१ आला की पान सोडून न जाता त्याच पानावर लॉगिनची खिडकी उघडायची. वर्डप्रेस हे कित्येक वर्षं करतं: त्याचं हार्टबीट दर १५ ते ६० सेकंदांनी सर्व्हरशी बोलतं आणि लॉगिन संपलेलं दिसलं की लेखाच्या वरच लॉगिनची चौकट येते, खालचा लेख जागेवर राहतो. (वर्डप्रेसची मुदत निष्क्रियतेची नाही, कमाल आहे: दोन दिवस, ‘लक्षात ठेवा’ दाबलं तर चौदा. हार्टबीटने ती वाढत नाही.)

अशी खिडकी स्वतः करताना दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, फॉर्ममधलं सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची गुप्त खूण) जुन्या सेशनचं असतं. लॉगिन झालं तरी फॉर्म पाठवला की नकार येतो. लॅरॅव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये तो ४१९ म्हणून ओळखीचा आहे. लॉगिनच्या उत्तरासोबत नवं टोकन आणून फॉर्ममध्ये घाला. दुसरी गोष्ट याहून घातक. त्या खिडकीत लॉगिन करणारा माणूस तोच आहे का? दुपारच्या पाळीचा कर्मचारी येतो, समोर लॉगिनची चौकट दिसते, आपलं नाव टाकतो, आणि खाली सकाळच्या माणसाने अर्धवट भरलेली नोंद त्याच्या नावावर जमा होते. नाव वेगळं निघालं तर पान पूर्ण नव्याने उघडा.

मसुदा जपायचा तर सर्व्हरवर, त्या वापरकर्त्याच्या नावाखाली. लोकलस्टोरेज सोपं आहे, पण काउंटरवरच्या सामायिक संगणकावर सभासदांचे आधार क्रमांक ब्राउझरमध्ये उघडे ठेवणं म्हणजे टाइमआउट कशासाठी लावला होता तेच विसरणं. त्याच कारणासाठी पॅनेलच्या पानांना ‘नो-स्टोअर’ (ब्राउझरने पान साठवू नये) हेडर लावा. नाहीतर लॉगआउटनंतर मागे जाण्याचं बटण दाबलं की आधीची यादी तशीच दिसते.

आकडा कोणता

कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्यांसाठी पीसीआय डीएसएस हे सुरक्षा मानक सरळ सांगतं: १५ मिनिटं निष्क्रिय, तर पुन्हा ओळख पटवा. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शकात सुरक्षेच्या मधल्या पातळीला ३० मिनिटं निष्क्रियता आणि १२ तास कमाल होती; २०२५ च्या आवृत्तीत ती १ तास आणि २४ तास अशी सैल झाली. ओवॅस्प ही वेब सुरक्षेची संघटना मोठ्या जोखमीच्या अ‍ॅप्लिकेशनना २ ते ५ मिनिटं सुचवतं, कमी जोखमीच्या १५ ते ३०. दुसऱ्या टोकाला, पीएफसेन्स या फायरवॉलचं पॅनेल मूळात ४ तास देतं आणि ग्राफाना हे आलेख दाखवणारं पॅनेल ७ दिवस निष्क्रियता, ३० दिवस कमाल.

दोन मिनिटांचा टाइमआउट ऑफिसच्या पॅनेलला लावू नये. लोक पासवर्ड ब्राउझरमध्ये जतन करतात, मॉनिटरला चिठ्ठी चिकटवतात किंवा पान आपोआप रिफ्रेश करणारं एक्स्टेंशन घालतात, आणि जोखीम होती त्याहून वाढते. काउंटरवरच्या सामायिक संगणकासाठी १५ मिनिटं, स्वतंत्र संगणकावर आणि स्क्रीन लॉक सक्तीचं असेल तर ३०, आणि दोन्हीकडे कमाल मुदत एका पाळीइतकी, ९ ते १० तास. ही सुरुवात योग्य. त्याहून फायद्याची गोष्ट म्हणजे धोक्याच्या कृतींना वेगळी वाटी: वापरकर्ता काढणं, अधिकार बदलणं, व्याजदर बदलणं अशा वेळी मागच्या वेळी पासवर्ड टाकून १० मिनिटांहून जास्त वेळ झाला असेल तर तो पुन्हा मागा. गिटहबवर याला सुडो मोड म्हणतात; लॅरॅव्हेलमध्ये ही सोय तयार मिळते, तिथली मूळ मुदत १०८०० सेकंद, ती कमी करा.

जेडब्ल्यूटी, म्हणजे सही केलेलं आणि मुदत आत छापलेलं टोकन, वापरणाऱ्यांसाठी एक वाक्य: टोकनवर छापलेली मुदत ही कमाल मुदत आहे, निष्क्रियतेची नाही. ती हवी असेल तर टोकन ५ ते १५ मिनिटांचं ठेवा आणि रिफ्रेश टोकनची (नवं टोकन मिळवून देणाऱ्या टोकनची) नोंद सर्व्हरवर ठेवून निष्क्रियता तिथे मोजा.

साडेपाच तासांचा घोळ

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, डेटाबेस भारतीय वेळेवर. ‘शेवटची हालचाल’ डेटाबेसने लिहिली, तुलना कोडने केली. फरक १९८०० सेकंदांचा. आता हालचाल साडेपाच तास भविष्यात झालेली दिसते, वजाबाकी उणे येते, आणि पंधरा मिनिटांचं सेशन पावणेसहा तास जगतं. उलट मांडणी असेल तर लॉगिन करताक्षणी सेशन संपतं. ते बरं, कारण लगेच दिसतं. वेळ कायम यूटीसीत किंवा नुसत्या सेकंदांत ठेवा, आणि वजाबाकी उणे आली तर ती चूक म्हणून लॉगमध्ये नोंदवा.

तपासणीसाठी चाचणीच्या सर्व्हरवर मुदत ३ मिनिटं आणि इशारा १ मिनिट आधी ठेवा. मग हे करून पाहा: चार मिनिटं सलग टाइप करून जतन करा. डॅशबोर्ड उघडा ठेवून दूर जा, तो बाहेर पडतो का पाहा. दोन टॅब उघडून एकातच काम करा. झाकण लावून पाच मिनिटांनी उघडा. इशारा समोर असताना नेटवर्क तोडा. संपलेल्या सेशनवर फाइल अपलोड करा. लॉगिनच्या चौकटीत दुसऱ्याच नावाने शिरा. आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये कारण वेगळं लिहिलं जातं का ते पाहा: निष्क्रियता, कमाल मुदत, पासवर्ड बदलला, अ‍ॅडमिनने काढलं, नोंदच सापडली नाही. यातलं शेवटचं कारण रोजच्या लॉगमध्ये वारंवार दिसू लागलं, तर प्रोग्राममधल्या मुदतीला हात लावू नका. आधी झाडू कोण मारतंय ते शोधा.